ब्रेकवर वापरू नये

सोमवारी सकाळी पावणेदहाला, पहिला पेशंट यायच्या आधी, काउंटरवरच्या बाईंनी तो डबा हातात घेतला आणि त्यावरचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. बाईंची ही सवयच आहे. औषधाची चिठ्ठी, लिफ्टमधली सूचना, पाकिटाची मागची बाजू, जे दिसेल ते त्या वाचतात, आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा बेतानं वाचतात. कान तपासायच्या ठिकाणी बारा वर्षं नोकरी केल्यावर माणसाचं असं होत असावं. डबा आमच्या दवाखान्याचाच. बिजागऱ्यांना मारायचं तेल, लाल नळी लावली की बारीक धार उडते. शुक्रवारी मी तो घरच्या खिडकीसाठी नेला होता आणि आज परत आणला होता. "डोळ्यांत जाऊ देऊ नये. आगीपासून लांब ठेवावा. सायकलच्या किंवा वाहनाच्या ब्रेकवर वापरू नये." इथवर वाचून त्या म्हणाल्या, "बघा, एवढंसं तेल आणि केवढे नियम," आणि चाचणीच्या खोलीचं दार कुरकुरत होतं त्याला त्यांनी दोनदा फुस्स केलं. दार गप्प झालं. माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी तसाच खाली ठेवला, कारण काल ताईचे ब्रेक शर्यतीत का गेले ते मला त्या क्षणी कळलं होतं, आणि ते कळलेला माणूस सगळ्या जगात मी एकटाच होतो.

आमच्या घरात एकजण लोकांचे दात करतो आणि एकजण लोकांचे कान तपासतो. दात ताई करते. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणजे चोपन्नची. कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत तिची तीस वर्षं गेली. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, दाताची छटा जुळवायच्या चकत्या. तिच्या नखांतलं पांढरं प्लास्टर सुटीच्या दिवशीही जात नाही. तिचं लग्न टिकलं नाही, मी केलंच नाही, त्यामुळे आईच्या शेवटच्या वर्षांत आम्ही दोघं एका घरात आलो आणि आई गेल्यावर तसेच राहिलो. त्यानंतर सहा महिन्यांनी ताईनं सायकल आणली. डोंगरावर चालवायची, जाड टायरची, आमच्या सोफ्याहून महाग. मी म्हटलं, हे वय गुडघ्यांना जपायचं आहे. ती म्हणाली, "जपलेल्या गुडघ्यांचं पुढे काय करतात?" पहिल्याच वर्षी मनगट मोडून ती हातालाच प्लास्टर घालून आली, तेव्हापासून शर्यतीतल्या पोरीसोरी तिला प्लास्टरताई म्हणतात. सहा वर्षांत तिनं एकोणीस शर्यती केल्या. एकही जिंकलेली नाही. कुठली अर्धवट सोडलेलीही नाही. पहिल्या गोष्टीचं मला कधी काही वाटलं नाही. दुसरीचा अभिमान मी तिला कळू न देता बाळगत आलो, आणि दर रविवारी जीव मुठीत धरूनही बसत आलो. दोन्ही एकाच माणसाच्या पोटात मावतं, याचं नवल वाटायचंही मी सोडून दिलं होतं.

पहिल्या पेशंटला मी काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. माझं काम इतकंच की सूर लहान लहान करत न्यायचा आणि ऐकू येणं कुठे थांबतं ते कागदावर मांडायचं. पण माझं लक्ष शनिवारच्या दुपारी होतं. शर्यतीच्या आदल्या दिवशीचा ताईचा एक कडक नियम आहे: सायकलला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पाणी नाही, फडकं नाही, चौकशीसुद्धा नाही. ती स्वतः चारला सुरुवात करते, एकेक स्क्रू बघते, साखळीला थेंब थेंब तेल घालते, आणि झालं की सायकल जिन्याखाली उभी करते. या शनिवारी ती ते करून मग प्रयोगशाळेत एक अडलेलं काम द्यायला गेली. जाताना तिनं सायकल दोन फूट मागे घेतली आणि ब्रेक दाबला. जिन्यातून असा काही चीत्कार वर आला की माझे दात शिवशिवले. तो आवाज मी महिनाभर ऐकत होतो. साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास, माणसाच्या कानाला सगळ्यात जास्त बोचतो तिथे. ताईला त्याचं काही नव्हतं. ती म्हणायची, वाजू दे, वाजतंय म्हणजे धरतंय. पण मी पडलो कानाचा माणूस. डबा हाताशी होता. मी खाली गेलो, चाक फिरवलं, आवाज चाकाच्या मध्यातून येतोय असं वाटलं, तिथे पोलादाची एक पातळ चकती दिसली. ब्रेक म्हणजे कडेला घासणारे रबराचे तुकडे, एवढंच माझं ज्ञान, तेही बाबांच्या सायकलीवरचं. या चकतीलाच ब्रेक धरतो हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि विचारायची सोय नियमानं ठेवलेली नव्हती. मी पुढच्या चाकाला मारलं, मागच्या चाकाला मारलं, फडक्यानं छान पसरवलं. मग ब्रेक दाबून बघितला. चिडीचूप. चांगलं काम केल्याच्या समाधानात मी वर येऊन झोपलो, हे लिहितानाही मला लाज वाटते.

काचेपलीकडे पेशंटनं बटण दाबलं. मी काहीच वाजवलं नव्हतं. असे असतात लोक. खूप जण असतात. चाचणीत नापास होऊ या भीतीनं, किंवा समोरच्याचं मन मोडू नये म्हणून, ऐकू न येताही दाबतात. म्हणून मधे मधे मी मुद्दाम सूर बंद ठेवतो. काल ताईनं तेच केलं होतं, न वाजलेल्या आवाजाला बटण दाबलं होतं. पण त्याकडे येण्याआधी शर्यत सांगायला हवी, कारण सकाळभर ती माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही. शहराबाहेरच्या टेकडीला तीन फेऱ्या. चढ, वर थोडं पठार, मग दगडगोट्यांचा उतार, त्यात तीन आवळलेली वळणं. तीन तासांच्या आत तिसरी फेरी पुरी झाली नाही तर नाव खोडतात. मी नेहमीप्रमाणे दुसऱ्या वळणावर पाण्याची बाटली घेऊन उभा होतो. बायकांचा घोळका आला आणि गेला, पण ताई त्यात नव्हती. मी घड्याळ बघितलं, मग वर बघितलं. ती आली तेव्हा सायकल खांद्यावर होती आणि ती धावत होती. चोपन्न वर्षांची बाई, तेरा किलोची सायकल, सुटे दगड, आणि पाय कुठे टाकायचा ते पाय स्वतःच ठरवतोय अशी ती येत होती. मला म्हणाली, "ब्रेक गेले. दोन्ही." मी म्हटलं, "मग थांब ना." ती बाटलीतलं पाणी पीत म्हणाली, "चढाला ब्रेक लागत नाहीत," आणि खालच्या सपाटीवर टांग टाकून निघून गेली.

दुसऱ्या फेरीत तिनं युक्ती काढली होती. उतार जिथे जरा सौम्य होता तिथे ती बसून येत होती, उजवा पाय मागे नेऊन बुटाचा तळवा मागच्या टायरवर दाबत. ती युक्ती मी ओळखली. बाबांच्या सायकलला कित्येक महिने ब्रेकचे रबर नव्हते, आणि ताई नऊ-दहा वर्षांची असताना, दांडीखालून पाय घालून, चपलेनं चाक अडवत गल्लीचा उतार उतरायची. मागे कॅरिअरला धरून मी बसलेलो असायचो. डोळे मी मिटलेले असायचे. खाली पोचलो की ती म्हणायची, "उघड, धाकट्या, आलं घर." वरून वेगानं येणाऱ्या मुली 'डावीकडून' असं ओरडत होत्या आणि ताई दर वेळी कडेला होऊन वाट देत होती, शांतपणे, जणू त्यांना वाट देणं हाही शर्यतीचाच भाग. एक मुलगी वळणावर आपटली. ताई थांबली. तिचा एक जुना मंत्र आहे, नव्या पोरींना ती तो देत असते: पडल्यावर आधी दहा श्वास, मग सायकल बघायची, मग स्वतःला. "स्वतःला शेवटी का?" असं मी एकदा विचारलं होतं. "स्वतःला आधी बघितलं की माणूस रडतं," ती म्हणाली होती. त्या मुलीशेजारी उभी राहून तिनं दहा श्वास मोजून घेतले, एक, दोन, तीन, मोठ्यानं. तिचं स्वतःचं घड्याळ चालू होतं. मग दोघी निघाल्या, मुलगी पुढे, ही मागे. मुदतीला अकरा मिनिटं उरली असताना ताईनं शेवटची रेघ ओलांडली. तिच्यामागे फक्त एकजण होती. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, आणि माझ्या हाताला त्या डब्याच्या तेलाचा वास अजून येत असणार, पण तो मला आला नाही.

मी गाडी आणायला गेलो, तेवढ्यात तिथल्या मेकॅनिकनं तिची सायकल बघितली. परत आलो तर ताईचा चेहरा बदललेला. शर्यतीत जो चेहरा एकदाही उतरला नव्हता तो आता उतरला होता. मेकॅनिकला काय सापडलं ते तिनं मला सांगितलं नाही. गाडीत एवढंच म्हणाली, "चूक माझीच होती. मी काहीतरी केलंय, आणि केल्याचं मला आठवत नाही." मी म्हटलं, होतं असं, दमणुकीनं. ती म्हणाली, "आईचं असंच सुरू झालं होतं." यावर मी म्हटलं, काहीतरीच काय. पण सुरू तसंच झालं होतं. दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात सापडलं आणि आईनं हसून सांगितलं, मीच ठेवलं असणार, दुसरं कोण ठेवणार? त्या वाक्यानं सुरुवात झाली, आणि चार वर्षांनी तिनं ताईला विचारलं, "आपण कुणाकडे आलोय? निघूया का आता?" ताईनं तिला तेव्हा सांगितलं होतं, "निघू की, चहा घेऊन निघू," आणि पुढची दोन वर्षं रोज संध्याकाळी तसंच सांगितलं. मी त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायचो. ताईला डोंगराची भीती वाटत नाही, हाड मोडायची वाटत नाही. तिला एकाच गोष्टीची भीती वाटते, आणि ती मी तिच्या दोन्ही चाकांना मारून ठेवली होती. सिग्नलला ती म्हणाली, "उद्या डॉक्टरांना फोन करते. आणि सायकल विकून टाकू. डोकं असं असताना दुसऱ्या पोरींच्या अंगावर जायचं नाही मला."

अकराला मी तिला फोन लावला. उचलला नाही; हात प्लास्टरमध्ये असले की ती उचलत नाही. बाराला परत लावायला घेतला आणि ठेवून दिला. इथून पुढचं सांगायला मला जड जातं, पण झाकून ठेवण्यासारखं ते नाही. फोन ठेवला तेव्हा माझ्या मनात आलं की गप्प बसलो तर काय होईल? डॉक्टर तपासतील, काही निघणार नाही, चार दिवसांत तिची भीती जाईल. सायकल मात्र गेलेली असेल. रविवारी सकाळी मी पेपर वाचीन आणि ती समोर बसून चहा पिईल, दोन्ही मनगटं, दोन्ही गुडघे जागच्या जागी. सायकल विकू असं ती गाडीत म्हणाली तेव्हा मला वाईट वाटलं असं मी स्वतःला सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. मला बरं वाटलं होतं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं बरं. मग शनिवारचं काय? आवाज नकोसा झाला म्हणून मी खाली गेलो, हे खरं. पण नियम मला पाठ होता. सहा वर्षांत एकदाही मोडला नव्हता. त्याच दिवशी, शर्यतीच्या आदल्याच दिवशी, माझे कान इतके नाजूक का व्हावेत? मी काचेत माझंच प्रतिबिंब बघत बसलो. ब्रेकचं मला माहीत नव्हतं, हे मी कुणापुढेही छातीवर हात ठेवून सांगीन. पण सायकलीचं काही बिघडावं असं मला कधीच वाटलं नव्हतं, हे सांगताना हात छातीपर्यंत जात नव्हता. पलीकडे एक आजी बटण धरून वाट बघत होत्या. मी सूर लावायचा विसरलो होतो, आणि त्या बिचाऱ्या ताठ बसून शांतता ऐकत होत्या.

संध्याकाळी घरी गेलो तर ताई जेवणाच्या टेबलाशी, समोर तिची वही. ही वही मला माहीत होती. प्रत्येक शर्यतीचं एक पान, त्यावर तीन रकाने: काय बिघडलं, कशामुळे, पुढच्या वेळी काय. मधल्या रकान्यात तिनं कधी दगड लिहिला नाही, नशीब लिहिलं नाही. टायर फाटलं तर 'हवा कमी ठेवली, मी'. साखळी तुटली तर 'जुनी झाली होती, बदलली नाही, मी'. आज पान वेगळं होतं: मधल्या रकान्यात 'मी', आणि खाली शनिवार दुपार तासातासानं मांडलेली. चार ते पाच, सायकल. पाच पाच, तेलाचे हात धुतले. सव्वापाच, प्रयोगशाळा. साडेसात, परत. दर ओळीपुढे बरोबरची खूण होती, आणि शेवटी लिहिलं होतं, 'डिस्कवर तेल. कधी?' त्या 'कधी'खाली तिनं इतक्या रेघा मारल्या होत्या की कागद फाटायला आला होता. तिचा उजवा घोटा सुजलेला, खुर्चीवर उशी घेऊन ठेवलेला. खाली बूट, तळव्याला भोक पडलेला.

"ताई, तेल मी घातलं."

तिनं मान वर केली. "काय?"

"शनिवारी. तू गेल्यावर. आवाज यायचा म्हणून. ती चकती ब्रेकची असते ते मला माहीत नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. दातांची छटा जुळवताना ती असं बघते, उजेडाकडे धरून, घाई न करता. "कुठल्या चाकाला?"

"दोन्ही."

"किती?"

"बरंच. फडक्यानं पसरवलं वर."

"पसरवलंस." ती उठली, लंगडत न्हाणीघरात गेली, नळ सोडला. नळ खूप वेळ चालू होता. मी टेबलाशी उभाच होतो. लहानपणी बाबांचा दाढीचा आरसा मी फोडला होता आणि "मी फोडला" असं ताईनं सांगितलं होतं. मार तिनं खाल्ला होता, मी दाराआड उभा होतो, तेव्हाही असाच नळ चालू होता की काय कोण जाणे. ती बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल होते. "नियम काय आहे आपला?" तिनं विचारलं.

"हात लावायचा नाही."

"मग?"

"अजून एक आहे," मी म्हटलं. आता आलंच आहे तर सगळंच येऊ दे, असं झालं होतं मला. "तू सायकल विकायचं म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं."

"ते माहीत आहे मला. पुलापासून घरापर्यंत तू शीळ घालत होतास."

"मी?"

"मोठा कानाचा माणूस," ती म्हणाली. आणि मग ती हसायला लागली, खुर्चीचा पाठ धरून, आवाज न करता, खांदे हलवत, आणि हसता हसता परत तिचे डोळे भरले. रागही होता त्यात, मी तो बघितला, आणि तो माझ्या हक्काचा होता. पण रागाहून कितीतरी मोठं काहीतरी तिच्या अंगावरून उतरत होतं. तिनं वही ओढली, मधल्या रकान्यात 'मी' लिहिलं होतं ते नीट एका रेघेनं खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'भाऊ'. तिसऱ्या रकान्यापाशी थोडा विचार केला आणि 'शिकवणे' असं लिहिलं. मग डॉक्टरांकडे फोन लावून उद्याची वेळ रद्द केली. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "नाही हो," ती म्हणाली, "सापडलं."

मग तिनं मला तिच्या पेटीतले नवे पॅड, म्हणजे चकतीला दोन्हीकडून धरणारे ब्रेकचे तुकडे, बसवायला लावले. प्रयोगशाळेतलं स्पिरिट काढलं, दोन्ही चकत्या माझ्याकडून चार चार वेळा पुसून घेतल्या, दर वेळी नवं फडकं. मग म्हणाली, "चल खाली. नव्या पॅडना चकतीची ओळख करून द्यावी लागते. जोरात यायचं, दाबायचं, वेग मोडायचा, पुरतं थांबायचं नाही. वीस वेळा." मी म्हटलं, तुझा घोटा. ती म्हणाली, "म्हणूनच तू." आमच्या इमारतीखाली गाड्या ठेवायच्या जागेत जायला एक उतार आहे, चांगला खडा. मी शेवटची सायकल कधी चालवली ते आठवत नाही, आणि ते आठवत नाही याची मला भीती वाटली नाही. तेवढ्यावरून कळलं की काल तिला काय वाटलं असेल. ती खाली, उताराच्या पायथ्याशी, भिंतीला टेकून एका पायावर उभी राहिली. तिच्या सायकलीवर माझे गुडघे पोटाला लागत होते. पहिल्यांदा येताना मी डोळे मिटले. "उघड," ती खालून म्हणाली. तिसऱ्या वेळी ब्रेक नुसता घासला. सहाव्या वेळी कुरकुरला. नवव्या वेळी तो जो किंचाळला, साडेतीन हजार हर्ट्झ, कदाचित थोडा वरच, तो सगळ्या गाड्यांच्या पत्र्यांतून फिरून माझ्या कानात आला, आणि पुढचं चाक जागच्या जागी धरलं गेलं. दर वेळी उतरून सायकल वर ढकलत न्यायची. माझा शर्ट पाठीला चिकटला, पिंढऱ्या थरथरायला लागल्या. वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय चाललंय? ताईनं वर बघून सांगितलं, "ओळख चाललीय."

एकदा खाली पोचून मी हँडलवर डोकं टेकलं आणि म्हटलं, "झाले बघ वीस."

"सतरा," ताई म्हणाली.

"वीस झाले गं. मी मोजत होतो."

"सतरा. बारावा, तेरावा आणि सोळावा तू अर्ध्यात सोडलेस, पाय टेकलेस, ते धरलेले नाहीत. चौदाव्याला मागचा दाबायला विसरलास, तरी धरलाय." तिचा आवाज अगदी स्वच्छ होता. "मला सगळे आठवतायत, धाकट्या. जा, अजून तीन."

मी सायकल वळवली आणि वर ढकलायला लागलो.